तीन वार म्हणायचं नाही

मंडळी, एक सांगा — लेकराला बोलतं करायचं, तर आईबापानं काय करावं? बोलावं? हां, सगळ्या माना हलल्या! ऐका तर मग.

राहात्याला तुळशीराम नावाचा एक गडी. फळबाजारात लिलाव पुकारायचा. बोलणं कसलं, लाह्याच फुटायच्या! आणि पाच वर्षांची लेक — नाव ओवी, पण ओवीला शब्दच फुटेना! "प... प..." करून अडकायची. बूड तर कुठं टेकायचंच नाही. जूनमध्ये शाळा — तिथं हिला कोण समजून घेणार? तुळशीरामचा जीव तुटायचा. ती "प" म्हणाली रे म्हणाली, की हा — "पाणी! पाणी ना, बाळा?" अन् तांब्या तोंडाला! बिचारी प्यायची, पळायची.

शेवटी वाचा-उपचाराच्या फरीदा मॅडमकडे नेलं. त्यांनी तासभर पाहिलं. म्हणाल्या, "पोरीला मी शिकवते. घरी गप्प बसायला तुम्ही शिका."

"मॅडम, माझं पोटच तोंडावर चालतं!"

"मग लिलावात 'दोन वार' म्हटल्यावर काय करता?"

"थांबतो की! कोणी बोली वाढवील म्हणून. तीन वार म्हटलं की लिलाव संपला."

"तेच करा. खाली बसा, तिनं तुमच्याकडे बघितलं की 'काय हवं?' विचारा अन् थांबा. आणि तीन वार म्हणायचं नाही."

मंडळी, घरात गप्प बसणं! कुणाला जमलंय? — बघा, बायका हसताहेत! महिनाभर तुळशीराम जीभ चावत बसला. मनात एक वार... दोन वार...

एके दिवशी ओवी आली. "प..." बायको शेवंता तांब्या घेऊन निघाली, तिला यानं हातानंच थोपवलं. पोर मध्येच कोंबडीमागं धावली! हा बसलेलाच. परत आली, बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला — "पे... पे... पेलू!"

पेरू! अहो, बाप रोज पेरूचे ढीग विकतो, अन् लेकीला वर्षभर पाणी पाजतो! तुळशीराम हसला, रडला, बाजारातून आणलेली पेरूंची पिशवीच उपडी केली. ओवीनं एक पेरू चावला, दुसरा बापाच्या तोंडात कोंबला. का? — बाप पुन्हा बोलायला लागला होता ना!

जूनमध्ये शाळेच्या दारात त्यानं बाईंना हात जोडले — "बाई, दोन वारपर्यंत थांबा. माझी पोर बोलते!"

आता तुमचं सांगा. सून काही सांगते, म्हातारा आठवून आठवून बोलतो, पोर अडखळतं — तेव्हा तीन वार कोण म्हणतं? मीही म्हणतो हो, कीर्तनकार आहे! चला, देवाचं नाव घेऊ. पण आधी ही पुढं बसलेली लेकरं घेतील — जसं येईल तसं. आपण थांबायचं.