चांदणी सावेडीला कधी गेली?

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, घोडेगावच्या बाजारात ज्यांच्या एका शब्दावर सौदा बसतो आणि मोडतो ते आमचे फक्रुद्दीनभाई, हारांच्या आड बसलेले सत्कारमूर्ती गोरक्षनाथ सर, त्यांच्या शेजारी त्यांचे जोडीदार राम सर, मंडळाचे पदाधिकारी, आणि सावेडीच्या या हॉलात पंख्याखालची जागा धरून बसलेल्या सगळ्या बायाबापड्यांना माझा नमस्कार.

मी झुंबरबाई. घोडेगावच्या शिवारात आमची वस्ती आहे. तिसरीपर्यंत शाळेत गेले, पुढं जनावरांमागं गेले. तुमच्या पत्रिकेत माझ्या नावापुढं ‘लाभार्थी’ असं छापलंय. लाभ काय झाला ते सांगायलाच उभी आहे. आयोजक मला म्हणाले, आजी, दोन गोड शब्द बोला. पण गोड मला डॉक्टरनं बंद केलंय. म्हणून घरून लिहून आणलंय, म्हणजे जीभ घसरली तरी कागदाला धरून घसरेल.

आत्ता मानपत्र वाचलं. वाचणाऱ्या ताईंचा आवाज चांगला आहे. त्यात एक वाक्य होतं, ‘एका शेतकरी भगिनीची व्यथा कानी येताच सरांनी तासाभरात दुरुस्ती करून दिली.’ टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, हाताला सवय असते. ती शेतकरी भगिनी म्हणजे आमची शेजारीण छबूबाई. तासाभराची गोष्ट खरी आहे, मी नाकारत नाही. पण त्या तासाच्या आधी एक पोळा, एक दसरा, एक संक्रांत आणि एक शिमगा होऊन गेला. तेवढं मानपत्रात बसलं नसेल. कागद महाग झालाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ‘गोठाखबर’ नावाचं एक काम सरांनी मोबाईलवर केलंय. गाय कधी भरवली, लस कधी टोचली, विणार कधी, ते सगळं मोबाईल सांगतो. पैसे पडत नाहीत. आणि त्याची आतली लिखावट जगापुढं उघडी आहे. कुणीही वाचावी, चूक दिसली तर कुणीही दुरुस्त करून पाठवावी. आत घ्यायची की नाही, ते मात्र दोघं ठरवणार. ते दोघं आज शेजारी-शेजारी बसलेत. म्हणजे दार उघडं, पण उंबऱ्यावर दोघं मांडी घालून.

माझी नात संस्कृती कॉम्प्युटरचं शिकली. नगरला बसनं जाऊन-येऊन शिकली. गेल्या पोळ्याच्या सुमाराला ती आमच्या चांदणीचं खातं बघत बसली होती. चांदणी आमची गाय. ती दोनदा उलटली होती, म्हणजे भरवूनही राहिली नव्हती; तिसऱ्यांदा गाभण राहिली. जनावराचं असं होतंच; एकदा भरवली आणि राहिली, असं दर वेळी कुठं होतं? पण गोठाखबर दिवस मोजत होती पहिल्या वेळेपासून. उलटलेली गाय ही गोष्टच तिच्या हिशेबात नव्हती. पोरगी हसली. म्हणाली, “आज्जी, ह्यांच्या गाईला नऊ महिन्यांचे साडेदहा महिने लागत्यात.”

मी म्हणाले, “मग सांग की त्यांना.”

“सांगून न्हाई चालत. दुरुस्त करून पाठवावं लागतं. मग ते तपासत्यात.”

“तपासू दे. चांगलं हाय की.”

खरंच चांगलं आहे. तपासावंच. न तपासता घेतलेलं जनावर आणि न तपासता केलेली सोयरीक, दोन्ही दावणीला आल्यावर कळतात.

तिनं दुरुस्ती केली. दुरुस्ती चालते का ते दाखवायला सोबत एक नमुना जोडावा लागतो म्हणे, तर तिनं आमच्या चांदणीचाच जोडला. तिचं नाव, भरवल्याच्या तिन्ही तारखा, सगळं. पाठवून दिलं. रोज संध्याकाळी मी विचारायची. सरांनी पहिल्यांदा सांगितलं, ओळी जरा आत सरकवून लिही. सरकवल्या. मग सांगितलं, मराठीतली टीप इंग्रजीत कर. केली. मग सांगितलं, या एका दुरुस्तीचे दोन तुकडे कर. केले. मग राम सर म्हणाले, दोन तुकडे कशाला, एकच बरा. एकच केला.

मी म्हणाले, “अगं, पण गाईचं काय म्हनले?”

ती म्हणाली, “गाईपर्यंत अजून आलेच न्हाईत, आज्जी.”

हसता काय? हसा. मीही तेव्हा हसले होते.

दसऱ्यापासून पुढं गप्प. हो नाही, ना नाही. मधल्या काळात यांनी आतली मांडणी हलवली, त्यामुळं पोरीची दुरुस्ती जागेवर बसेना. तिनं सगळी नव्यानं बसवून पाठवली. वर यांचा एक अंगठा आला. मला वाटलं, झालं! ती म्हणाली, “तो वाचल्याचा अंगठा हाय, घेतल्याचा न्हाई.” आमच्या काळी अंगठा दिला की जमीन जायची. आता अंगठ्यानं काहीच होत नाही.

“आठवण कर की मग,” मी म्हणाले.

“केली. लई येळा केली तर चिकट म्हनतील, आज्जी. ते मोठे लोक हायेत.”

संक्रांतीला तिळगूळ वाटून घरी आले, तर पोरगी मोबाईल धरून बसलेली. सरांनी तिथं एक यंत्र बसवलंय. एखाद्या दुरुस्तीवर बरेच दिवस काही हालचाल नसली, की ते आपोआप बंद करून टाकतं. ‘हालचाल नाही, सबब बंद.’ आता मला सांगा, हालचाल कुणी करायची होती? ज्यानं दारात ताटकळत ठेवलं, त्यानंच म्हणायचं, ही बाई नुसतीच उभी आहे, हिला काही काम दिसत नाही, आणि दार लावून घ्यायचं?

फक्रुद्दीनभाई, तुम्ही अध्यक्ष आहात, तुम्हाला मधे बोलायचा हक्क आहे. आमचे मालक एक बैल घेऊन तुमच्याकडं आले होते, मीही सोबत होते. तुम्ही त्याचा जबडा उघडलात, चालवून बघितलात आणि चार लोकांत म्हणालात, “वैनी, बैल देखणा हाय, पर डावा पाय वढतो. मी घेनार न्हाई.” मला इतका राग आला होता की तुमच्याकडचा चहा मी प्यायले नाही. पण तुम्ही सांगितलंत. आम्ही त्या पायाचं औषधपाणी केलं आणि पुढं तोच बैल तुम्हीच घेतलात. बाजाराची रीतच ती आहे: दुसऱ्याच्या जनावराचा जबडा उघडला, की मग आपलंही तोंड उघडायचं. घेतो म्हणा, नाहीतर खोड सांगा. दात बघून, शेपूट धरून, मालकाला उन्हात उभं करून निघून गेलेल्या माणसाला घोडेगावात परत कुणी जनावराला हात लावू देत नाही. खरं का खोटं?

मान हलवली भाईंनी. बघा.

आता छबूबाई. तिची गाय अशीच उलटत-उलटत राहिलेली. छबूबाई लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, घरी सून एकटी. सून शहरातली, पोरगी गुणी, पण कास बघून दिवस ओळखायचं तिला कोण शिकवणार? तिच्या हातात मोबाईल. मोबाईलवर लाल अक्षरं आली, ‘दिवस उलटून गेले आहेत, डॉक्टरांना बोलवा.’ ती घाबरली. डॉक्टर मिळाला नाही, मिळाला एक इंजेक्शनवाला. त्यानं गाय बघितली नाही, मोबाईल बघितला. म्हणाला, लई उशीर झालाय, आणि कळा यायचं इंजेक्शन टोचलं. वासरू आलं ते अंगावर धड केस नसलेलं. मेलं. वार अडकली, गाय तापली. गाय वाचली, पण आता दूध म्हणाल तर मांजरापुरतं. छबूबाई परत आल्यावर सुनेला काही बोलली नाही. ते न बोलणं सून अजून ऐकतीय.

मग गावातल्या कुणीतरी हे मोबाईलवर लिहिलं आणि ते चार लोकांनी वाचलं. चार लोकांनी वाचल्यावर मात्र सरांना लगेच वेळ मिळाला. तासाभरात दुरुस्ती केली सरांनी. स्वतःच्या नावानं. तपासली राम सरांनी. किती वेळात? तेवढ्या वेळात आमच्याकडं चहाला आधण येत नाही. ओळी सरकवा नाही, तुकडे करा नाही. लगेच आत.

दुरुस्ती झाली ही चांगलीच गोष्ट झाली. कुणाचं का कोंबडं आरवेना, म्हणून मीही गप्प बसले असते. पण संस्कृतीनं ती उघडून बघितली आणि खालचा नमुनाही बघितला. आता, बाजारात चोरीचं जनावर येतं तेव्हा चोर शिंगं साळतो, रंग देतो, नवी घुंगुरमाळ घालतो. आणि मांडीवरचा डाग पुसायचं विसरतो. या नमुन्यात गाईचं नाव होतं चांदणी, आणि भरवल्याच्या तिन्ही तारखा आमच्या चांदणीच्या.

गोरक्षनाथ सर, इथला सावेडीतला तुमचा बंगला मी आज येताना रिक्षातून बघितला. फरशी गुळगुळीत आहे. मला एवढंच विचारायचंय, आमची चांदणी तुमच्या दावणीला कधी बांधली होती?

घ्या, पाणी घ्या. राम सर, त्यांना ग्लास द्या. माझं थोडंच राहिलंय.

संस्कृती आज इथं नाही. ती सुप्याला कारखान्यात खोकी भरते, सुट्टी मिळाली नाही. कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी दोन ठिकाणी गेली होती. तिथं विचारतात, तुझं एखादं काम आत घेतलेलं दाखव. हिच्याकडं दाखवायला एकच गोष्ट, आणि तिच्यावर शिक्का ‘बंद’. त्यांनी विचारलं, का बंद झालं? हिला कारण माहीत नाही, काय सांगणार? ती खोटं बोलत नाही. ते माझं वळण आहे, त्याचा आता पस्तावा होतो. मी इथं बोलणार हे तिला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर म्हणाली असती, “आज्जी, नको. परत माझं कुनी काही घेनार न्हाई.” बघा म्हणजे, ज्याचं चोरीला गेलं तोच घाबरून आहे.

मघाशी खाली बसले असताना एक भाऊ कानात म्हणाले, मावशी, सर हे सगळं फुकट करतात, जरा जपून. फुकट करतात, मान्य. रात्रीची झोप मोडून करतात, तेही मान्य. शाल त्याचीच आहे, मी ओढून घेत नाही. पण भाऊ, पाणपोईपण फुकटच असते. म्हणून तिच्या रांजणात उंदीर पडला, तर दुसऱ्या कुणी तो काढायचा नाही का? आणि काढला तर, तुम्ही काढला म्हणून पाटी लावायची का?

सर आता परदेशी चालले. जाताना उंबऱ्यावरची जागा दुसऱ्याला देऊन जाणार म्हणे. द्या. पण त्याआधी एक काम आहे. त्या बंद केलेल्या दुरुस्तीखाली अजून लिहिता येतं, मी विचारून आले आहे. तिथं एक वाक्य लिहा. तिच्यात खोड होती तर कोणती ते लिहा, पोरगी सुधारेल. खोड नव्हती तर ‘खोड नव्हती’ एवढंच लिहा. माफी नको, सत्कार नको. पुढच्या खेपेला कुणी विचारलं तर तिनं ते वाक्य दाखवावं, इतकंच. मोबाईल तुमच्या हातातच आहे; माझं भाषण सुरू झाल्यापासून तुम्ही त्यातच बघताय.

आयोजकांनी मला सरांसाठी हार आणायला सांगितला होता. हार तुमच्याकडं पुष्कळ झालेत. मी दावं आणलंय. हे छबूबाईनं येणाऱ्या वासरासाठी वळून ठेवलं होतं, कुणाच्याही गळ्यात पडलेलं नाही. आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, घरातच ठेवतात. पण छबूबाई म्हणाली, जनावरच आलं न्हाई तर दावं ठेवू कशाला, देऊन टाक. भाई, हे तुम्हीच द्या त्यांच्या हातात. माझा हात पोचत नाही.

मंडळानं बोलावलं, खुर्ची दिली, माईक दिला आणि अजून काढून घेतला नाही, याबद्दल सगळ्यांची आभारी आहे. शिकलेल्या माणसांत बोलायची सवय नाही. शेवटी चुकीची माफी मागायची असते, हे मला माहीत आहे. पण चूक न कळता माफी मागणं मला जमत नाही. तेव्हा या बोलण्यात काही खोड असेल, तर ज्याला दिसली त्यानं उभं राहून सांगावी, मी इथल्या इथं दुरुस्त करते.

फक्त आत्ता सांगा. मी खाली बसत नाही.