पंख्यासाठी वर केलेला हात

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, औरंगपुऱ्याच्या बसथांब्यावर चर्चमधून आलेलं एक जोडपं आईच्या अन् माझ्या शेजारी बसलं होतं.

“दत्तक लेकरू कोण घेणार, असं पाळकसाहेबांनी विचारलं अन् तुमचाच हात पहिला वर! लई भरून आलं मला.”

“अगं, मी पंखा वाढवा म्हणून खूण करत होतो.”

“मंडळीनं टाळ्या वाजवल्या, तवा का नाय बोलले?”

“टाळ्या लई जोरात होत्या. आता जाऊन नाय म्हणून सांगू?”

“खबरदार! फॉर्म भरलाय मी. तुमची सहीबी मीच ठोकलीय.”

आई हसत माझ्या कानात म्हणाली, “तुझ्या वेळी मी तुझ्या बाबांचं मनगट धरून वर केलं होतं.”

मी नुसती हसले.

आज कबरीवर फुलं ठेवताना मोठ्यानं म्हणाले, “आई, मला घरी आणलंस, लई बरं केलंस.”