तारूचे दात

नाही, पण मला एवढंच सांगा, रोज रात्री तोंडात प्लास्टिक कोंबून झोपायचा मक्ता काय मी एकटीनेच घेतलाय? नवऱ्याला धड "शुभ रात्री" म्हणता येत नाही हो! मी म्हणते, "थुभ लात्ली, यार्को." तो म्हणतो, "हं." आता तो एरवीही "हं"च म्हणतो, लग्नाला होकारसुद्धा त्यानं "हं" करूनच दिला होता, पण ते जाऊ दे... शाळेत असताना दातांना तारा लावल्या, यथावकाश निघाल्या, आणि आमच्या कुओपिओ शहरातल्या डॉक्टर होइक्कालाबाई म्हणाल्या, "मेर्वी, आता रोज रात्री हा रिटेनर घालायचा." मी विचारलं, "किती दिवस?" तर चष्मा पुसत म्हणतात कशा, "दात सरळ हवेत तितके दिवस!" अहो, हे काय उत्तर झालं? ही तर जन्मठेप झाली की!

बरं, शिक्षा सगळ्यांना सारखी असती तर मी हूं की चूं केलं नसतं. पण आमची तारू! माझी धाकटी बहीण. त्याच डॉक्टर, तीच खुर्ची, तिलाही तारा, आणि ही बया रात्री तोंडात काही म्हणजे काही घालत नाही! उशीवर डोकं टेकलं की थेट घोरणं. आणि तिचे दात? सरळ!

जळते मी. तुमच्यापासून काय लपवायचं, अगदी पोटातून जळते. मी घासते, भिजवते, डबीत ठेवते, प्रवासाला जाताना पासपोर्टच्या आधी डबी शोधते, आणि आई कॉफी ओतता ओतता काय म्हणते? "आमच्या तारूचे दात मेले जात्याच शहाणे!" म्हणजे माझे दात काय वाया गेलेले? वर ही बाई दोन वर्षं स्पेनला राहून आलीय, तिथून हसायला शिकून आलीय. आमच्याकडे कोण हसतं हो? बसथांब्यावर शेजारी हसला तर आपण दुसरी बस पकडतो! ही हसते. दुकानात हसते, पोस्टात हसते, कुत्र्यालासुद्धा दात दाखवते. आणि ते दात? सरळ!

आता तुम्ही म्हणाल, एवढा जाच होतोय तर सोड ना बाई तो रिटेनर. बोलणं सोपं आहे! माझा वरचा पुढचा दात तुम्ही पाहिला नाहीत. लहानपणी आधी माझा दात घरात शिरायचा, मग मी. पोरं दार धरून ओरडायची, "थांबा थांबा, मेर्वीचा दात येतोय!" तो दात आज रांगेत उभा आहे, पण मी ओळखते त्याला. पाठ फिरवायचा अवकाश, की हा निघालाच फिरायला. भीती वाटते हो मला, खरंच वाटते.

तर यंदा युहान्नसच्या सणाला, ऐन उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नाव घेत नाही तेव्हा, आम्ही सगळे तळ्याकाठच्या आमच्या कॉटेजवर जमलो आणि तारूनं बरोबर शेपटीवर पाय दिला. "अगं मेर्वी, अजून घालतेस? फेकून दे ना! मी बघ, काही करत नाही." काही करत नाही म्हणे! मी यार्कोला विचारलं, "सोडू का रे?" तो म्हणाला, "दात तुझे." एवढं लांबलचक भाषण त्यानं वर्षभरात केलं नव्हतं, म्हणून मी मनावर घेतलं आणि त्या रात्री रिटेनर डबीतच ठेवला. झोप कसली येते? जीभ रात्रभर पहाऱ्यावर! आहे का जागेवर, आहे ना, हलला का, नाही ना... सकाळी रिटेनर चढवला तर घट्ट! आता तो खरंच घट्ट होता की माझ्या मनाचे खेळ, देव जाणे, पण मी घाबरून दिवसभर तोंडात ठेवला आणि तसाच घेऊन संध्याकाळी सौनात, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीत, शिरले.

इथंच घोटाळा झाला. आमच्याकडचं शेंबडं पोरही सौनात जाताना अंगठी काढतं, साखळी काढतं, चष्मा काढतं. पण तोंडातलं कुणाच्या लक्षात राहतं? वरच्या फळीवर बसले, बिअरचा घोट घ्यायचा म्हणून रिटेनर काढला आणि ठेवला बाजूला, फळीवर. तेवढ्यात तारूनं तापलेल्या दगडांवर सपकन पाणी मारलं, वाफ उठली, एक पळी, दोन पळ्या, ही आपली मारतेच आहे. मी हात लावून बघते तर रिटेनर वितळून चमच्यासारखा सपाट!

आणि सौनात भांडायचं नसतं! आजीपासूनची शिकवण, सौनात बसायचं ते चर्चमध्ये बसल्यासारखं. मी दात आवळून म्हटलं, "तारू, माझा रिटेनर गेला." तर खालच्या फळीवरून ही म्हणते, "बरंच झालं की! देवानंच निकाल दिला. माझ्याकडे बघ!" असं म्हणून मान मागे टाकून, आ वासून दाखवते मला. मी वर, ती खाली, खिडकीतून ऊन येतंय थेट तिच्या घशात... आणि खालच्या दातांच्या मागे काहीतरी चमकलं.

"हे काय आहे?"

"काय?"

"तार आहे ही!"

"अगं, ती होय? ती पहिल्यापासून आहे. वरही आहे. डॉक्टरांनी मागून चिकटवून दिलीय ना. सगळ्यांनाच असते, नाही का?"

सगळ्यांनाच असते!! इतकी वर्षं ही चोवीस तास रिटेनर घालून फिरतेय आणि हिला त्याचा पत्ता नाही! नावातच तार, तरी मला कळू नये? शहाणे दात म्हणे! दावणीला बांधलेले दात ते, पळतील कुठे? आणि भांडायचं नाही! मी काय करू? उठले, धावत गेले आणि तळ्यात उडी मारून पाण्याखाली ओरडले. जेवढं येतं तेवढं सगळं ओरडले. किनाऱ्यावर यार्को सॉसेज भाजत होता, तो नुसते बुडबुडे बघून म्हणाला, "हं."

दुसऱ्या दिवशी न्याहारीला मी तारूला राय नावाच्या धान्याची, आमच्याकडची वाळकी भाकरी दिली. सगळ्यात कडक तुकडा कुठला, ते काय मी हातोडी मारून बघितलं नव्हतं, आणि बहिणीला भाकरी देणं हा काही गुन्हा नाही. ती चावली आणि टक्! वरची तार निघाली. काय सांगू तुम्हाला, असा सण आमच्या घरात झाला नव्हता!

कुओपिओला परतल्यावर दोघी एकदमच गेलो होइक्कालाबाईंकडे. आधी मी आत. मी म्हटलं, "डॉक्टर, ठरलं. नवा द्या, मी घालणार." मग तारू आत. दाराला कान लावला तर ऐकू आलं, "वरची तार आता पुन्हा नको. रिटेनर देते, रोज रात्री घालायचा." मी बाहेर अक्षरशः नाचले! कर आता भिजवणं! शोध आता डबी! गेल्या आठवड्यात दोघींचे रिटेनर आले. माझा आपला तोच, पाण्याच्या रंगाचा. तारूनं तिची डबी उघडली... जांभळा! आणि आत चमकी!

"अय्या, मेर्वी," ती म्हणाली, "तुला नाही विचारलं का त्यांनी, रंग कुठला हवा?"

घालतेय. रोज रात्री घालतेय, मरेपर्यंत घालीन, आता सोडायचा विषयच संपला. पण दिवा मालवला ना, की मला झोप येत नाही हो... अंधारात तिचा चमकत असेल.