मोरिता आजींची तीन पत्रं

"हॅलो?… हो, बोला ना सुप्रभाताई. नाही हो, कामात कसली? ओवी शाळेत, नचिकेत ऑफिसला. बोला, निवांत आहे मी."

कश्मिरानं कुकरखालचा गॅस बंद केला आणि फोन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. या फोनची ती चार दिवस वाट बघत होती. आपण होऊन करायचा नाही, हे तिनं ठरवलं होतं. सुप्रभाताईच करणार, याची तिला खात्री होती. मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम हॉल उशिरा मिळाल्यामुळे या रविवारी निशी-कसाईला होता, त्यात सुप्रभाताईंचा सत्कार होता आणि सूत्रसंचालन कश्मिराकडे होतं. आपल्याबद्दल काय बोलायचं ते सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

"लिहून घेते ना… हं, सांगा. 'जपानमध्ये सोळा वर्षं'… सतरा? बरं, सतरा.… 'नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबांचा आधार'… आधारस्तंभ. हो, आधारस्तंभ जास्त भारदस्त वाटतं.… वॉर्ड ऑफिसचे फॉर्म, डॉक्टरकडे सोबत जाणं… शाळेच्या चिठ्ठ्या, शेजाऱ्यांची पत्रं वाचून देणं… लिहिलं. त्यावर तर मी सविस्तर बोलणार आहे."

तिच्यासमोर कागद नव्हता आणि हातात पेनही नव्हतं. टेबलावर फक्त फिकट जांभळ्या रंगाची तीन पाकिटं होती.

"अहो, आमचाच अनुभव सांगणार. चार वर्षांपूर्वी आम्ही या बिल्डिंगमध्ये आलो तेव्हाचा. ओवी चार वर्षांची होती. महिनाभरातच खालच्या मोरिता आजींचं पत्र आलं दारात. मी घाबरून ते घेऊन तुमच्याकडे पळत आले… हो, त्याच, सहाव्या मजल्यावरच्या. फेब्रुवारीत गेल्या त्या.… हो ना. एकट्याच असायच्या.… काय लिहिलं होतं हो त्या पत्रात?… अहो, कार्यक्रमात सांगायचं तर नेमके शब्द हवेत ना. तुम्हीच सांगा."

ती ऐकत राहिली.

"'मुलीच्या पावलांचा आवाज येतो, सकाळी झोपमोड होते, नवरा आजारी आहे, मुलीला आवरा.' बरोबर. मलाही अस्संच आठवतंय. शब्द न् शब्द."

कश्मिरा हे कशी विसरणार? त्याच संध्याकाळी नचिकेत जाड फोमचे मॅट घेऊन आला होता. बैठकीची खोली, पॅसेज, ओवीच्या पलंगाच्या आजूबाजूला, सगळीकडे मॅट. मग मोज्यांचे दोन थर. मग, "ओवी, पाय उचलून. ओवी, मांजरासारखं. ओवी, बस एका जागी." पाच वर्षांची असताना तिनं चेंडू उडवला म्हणून कश्मिरानं तिच्या पाठीत चापट मारली होती. त्यानंतर पोरीनं घरात चेंडू काढला नाही. पुण्यात आजोळी गेली तरी ती टाचा वर उचलून चालायची, आणि सगळे कौतुकानं म्हणायचे, किती गुणी मुलगी, आवाज म्हणून नाही हिचा.

"सुप्रभाताई, आता मी वाचते हं. ऐका.… अगदी तेच पत्र. माझ्यासमोर आहे.… ओवीच्या वर्गाच्या बाईंनी वाचून दिलं, सोप्या जपानीत. तेवढं मला आता कळतं. ऐका तर… 'सकाळी तुमच्या मुलीची पावलं ऐकू येतात. माझे पती गेल्यापासून हे घर अगदी गप्प झालं होतं. आता सकाळी उठावंसं वाटतं. कृपा करून तिला आवरू नका.'… हॅलो?… आहात ना?"

पलीकडून एकदम खूप काही आलं. कश्मिरानं ते येऊ दिलं.

"हो… हो… हाताचं अक्षर होतं, मान्य. जुन्या वळणाचं, मान्य. मीही फोन धरून बघितला होता, अ‍ॅपनं सांगितलं, 'नदी सकाळी नवरा उठते.' म्हणून तर तुमच्याकडे आले!… मग 'वाचता येत नाही' म्हणायचं. चार शब्दांचं काम होतं.… काय वाटलं असतं लोकांना? मला एकटीला काय वाटलं असतं, एवढंच ना?… पावलं, सकाळ, नवरा. एवढे शब्द लागले, आणि बाकीचं तुम्ही मनानं जुळवलंत.… कारण जपानी शेजारी पत्र लिहितात ते तक्रारीचंच. सतरा वर्षांत एवढंच कळलं तुम्हाला या लोकांचं?"

तिचा आवाज चढला नव्हता. तो चढवायचा नाही, असं तिनं चार दिवस स्वतःला बजावलं होतं.

"नाही, थांबा, गैरसमज एकदा होतो. दुसरं पत्र ऐका. जुलैतलं. 'हल्ली पावलं ऐकू येत नाहीत. मुलगी आजारी तर नाही ना? काळजी वाटते.'… तुम्ही काय सांगितलंत? 'अजूनही ऐकू येतात, काळजी घ्या.' मी रडले होते तुमच्या सोफ्यावर बसून. तुम्ही चहा केलात. म्हणालात, इथं राहायचं तर अंग चोरून राहावं लागतं गं. आणि मी घरी जाऊन आणखी मॅट मागवले."

बाहेर गॅलरीत वाळत घातलेले कपडे वाऱ्यानं दांडीवर एका बाजूला गोळा झाले होते. कश्मिरा उठली नाही.

"एक मिनिट, ते अक्षराचं परत नको. तिसरं पत्र आहे अजून. ते कोणाला लिहिलंय माहितेय? ओवीला. पाच वर्षांच्या मुलीला वाचता यावं म्हणून सगळं सोप्या हिरागाना लिपीत, मोठ्ठ्या अक्षरात. पहिलीतली पोरं वाचतात हो हिरागाना!… मी उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं. पाकिटाचा रंग बघूनच ते तसंच तुमच्या हातात दिलं. वाचू?… नको? का नको?… मी वाचणारच आहे. 'ओवी-चान, तुझी आई तुला हाक मारते, म्हणून तुझं नाव कळलं. माझ्या मुलीच्या लहानपणीच्या बाहुल्या मी मांडल्या आहेत. तीन मार्चला मुलींचा सण असतो, तेव्हा बघायला ये. आईलाही घेऊन ये.'"

पंधरा दिवसांपूर्वी, वसंताच्या सुट्टीत, पासपोर्टचे फोटो शोधताना ओवीनं हे पत्र खणातून काढलं होतं आणि उभ्या उभ्या मोठ्यानं वाचलं होतं. मग आईकडे बघून विचारलं होतं, "नांदे? का? आपण का नाही गेलो?" शाळा उघडल्यावर कश्मिरा उरलेली दोन पत्रं घेऊन ओवीच्या वर्गाच्या बाईंकडे गेली होती.

"आता बोला. हे वाचता आलं होतं ना?… सुप्रभाताई, हो की नाही?… हं."

तो 'हो' इतका बारीक होता की तिनं फोन कानावर दाबला.

"म्हणजे तेव्हा कळलं तुम्हाला. सगळं कळलं. आणि तरी म्हणालात, 'आवाज थांबला नाही तर त्या मॅनेजमेंट कंपनीकडे तक्रार करणार आहेत.'… आधीची दोन उघडी पडली असती म्हणून.… एवढ्यासाठी? त्या बाईनं त्या दिवशी बाहुल्या मांडून वाट बघितली असेल हो! कुणी आलं नाही, साधं 'जमणार नाही' कळवलंसुद्धा नाही. त्यानंतर एकही पत्र आलं नाही, आणि मला वाटलं, सुटलो! मी तुम्हाला पुरणपोळ्या आणून दिल्या त्याबद्दल! दर संकष्टीला मोदक पाठवले!"

आता मात्र आवाज चढला. ती दोन घोट पाणी प्यायली. पलीकडचं रडणं चालू होतं.

"माहितेय मला. तुमच्या तन्वीच्या सासरचे येणार आहेत रविवारी, योकोहामाहून. तुम्हीच तर सांगितलंत, पहिल्या रांगेतल्या चार खुर्च्या ठेव म्हणून. ठेवल्यात मी.… हो, त्यांच्यासमोरच. मुद्दाम त्यांच्यासमोर. अध्यक्षांना मी काही सांगितलेलं नाही, नचिकेतलासुद्धा नाही. सांगितलं असतं तर सगळ्यांनी मिळून मला समजावलं असतं.… नाही, माफी नको. जिची माफी मागायची ती बाई सहाव्या मजल्यावर राहायची.… सूड? हो. सूडच म्हणा. मला दुसरा शब्द नकोय."

पलीकडचं रडणं थांबलं. सुप्रभाताईंचा आवाज कोरडा झाला, आणि त्यांनी एकच वाक्य विचारलं.

"…काय म्हणालात?"

त्यांनी ते पुन्हा म्हटलं. कश्मिरानं कपाळाला हात लावला.

एक मजला. चौदा पायऱ्या. चार वर्षं. लिफ्टमध्ये मोरिता आजी भेटल्या की ती मान खाली घालून 'सुमिमासेन, सुमिमासेन' अशी माफी मागत ओवीला स्वतःच्या मागे ओढून घ्यायची. आजी काहीतरी बोलायच्या, हसायच्यासुद्धा, पण ते हसू तिला कुत्सित वाटायचं. दार उघडलं की ती पळायची. गेली दोन वर्षं तर तिला थोडंफार जपानी येत होतं. निदान 'काय म्हणालात?' एवढं विचारण्याइतकं नक्कीच.

"नाही वाजवली आजींची बेल," ती म्हणाली. "एकदाही नाही.… भीती वाटायची.… हो, तुमच्या शब्दावर विसंबले हे खरं, पण चौदा पायऱ्या उतरले नाही, तेही खरं. बरोबर बोललात तुम्ही."

पलीकडे सुस्कारा पडला. त्यात सुटकेचा जो सूर होता, तो कश्मिराला लख्ख ऐकू आला.

"नाही नाही, सुप्रभाताई, मिटलं नाही काही. तसं समजू नका. माझं माझ्याकडे. तुमचं त्यानं कमी होत नाही.… ऐका. आता मध्ये बोलू नका. रविवारी शाल-श्रीफळ होईल, टाळ्या होतील. मग मी माइकवर पहिली दोन पत्रं वाचीन, आणि त्यांवर तुम्ही काय सांगितलंत तेही सांगीन. मग मी बेल का वाजवली नाही, ते माझ्या तोंडानं सांगीन, सगळ्यांसमोर.… थांबा, अजून आहे. तिसरं तुम्ही वाचायचं. माझ्या हातातून माइक घ्यायचा आणि ओवीकडे बघून वाचायचं, आधी जपानीत, मग मराठीत.… नाही आलात तर मी वाचीन, आणि तुम्ही का आला नाहीत तेही सांगीन.… चष्मा आणा हवं तर. पण हिरागानात आहे. तेवढं येतं तुम्हाला."

तिनं फोन ठेवला.