बोलणी चालू आहेत

(रुग्णालयाच्या धुलाईघरातली जेवणाची खोली. चादरींना इस्त्री करणारी आणि त्यांच्या घड्या घालणारी, अशा दोघीच.)

घडीवाली : म्हणजे खरंच जिंकलीस?

इस्त्रीवाली : जिंकले. यंत्रावरच्या पुरुषांचं काम आणि आपलं काम एकाच तोलाचं, असं कोर्टाने म्हटलंय. पगार सारखा, मागचा फरकही द्यायचा.

घडीवाली : बरं झालं बाई. एकटीने केलंस.

इस्त्रीवाली : एकटीनेच करावं लागलं.

घडीवाली : मी काल युनियनच्या सेक्रेटरींकडे गेले होते. म्हटलं, आता आमचाही दावा लावा.

इस्त्रीवाली : मग?

घडीवाली : मुदत गेली म्हणाले. शांतपणे. मी म्हटलं, अहो, तुम्हीच थांबा म्हणालात ना? बोलणी चालू आहेत, कोर्टात गेलात तर धुलाईघर ठेकेदाराच्या घशात जाईल, सगळ्याजणी घरी बसाल, हे कोण म्हणालं? तर म्हणतात, ताई, तो सल्ला होता, सक्ती थोडीच होती!

इस्त्रीवाली : बोलणी कसली चालू होती, ते नाही विचारलंस?

घडीवाली : विचारलं. तेव्हा गडबडले आणि तोंडून निसटलं. पुरुषांचा बोनस टिकावा म्हणून चालली होती. आपला विषय एकदाही निघाला नव्हता.

इस्त्रीवाली : पानं पुसली तोंडाला.

घडीवाली : आणि आम्ही तुलाच फितूर म्हणत होतो.

इस्त्रीवाली : जाऊ दे.

घडीवाली : तुझी आई गेली तेव्हा यायचं होतं गं मला. तुझ्याशी संबंध ठेवू नका, असं सभेत सांगितलं होतं. तरी निघाले. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते.

इस्त्रीवाली : माहीत आहे. खिडकीतून पाहिलं तुला. दार उघडून ठेवलं होतं मी.

घडीवाली : आणि तिथूनच मागे फिरले.

इस्त्रीवाली : बराच वेळ उघडं होतं. मग शेजारीण म्हणाली, धूळ येतेय, लावू का?

घडीवाली : असं नको ना बोलूस.

इस्त्रीवाली : बरं, नाही बोलत. ऐक. माझ्या वकीलबाई म्हणतात, चुकीचा सल्ला देऊन तुमची मुदत घालवली, म्हणून युनियनवरच दावा लावता येईल. त्या लढतील.

घडीवाली : खरंच? आमच्या सगळ्यांसाठी?

इस्त्रीवाली : सगळ्यांसाठी. पण आधी एकीने तरी नाव द्यायला हवं. माझं चालणार नाही, मी त्यांचं ऐकलंच नव्हतं. तू दे.

घडीवाली : मी? युनियनच्या विरुद्ध? अगं, माझा नवरा यंत्रावर आहे. दीर आहे. घरात पाऊल ठेवू देतील का मला? आणि इथे कोण बोलेल माझ्याशी?

इस्त्रीवाली : मी बोलेन.

घडीवाली : तू बोलशील गं, पण...

इस्त्रीवाली : पण काय?

घडीवाली : काही नाही. विचार करते. आल्या वाटतं सगळ्या. मी जरा तिकडे जाऊन बसू? उगाच विचारत बसतील, काय चाललं होतं म्हणून.

इस्त्रीवाली : बस की.

घडीवाली : रागावलीस?

इस्त्रीवाली : नाही गं. जा, हाका मारतायत तुला.