पंखाखालचं ठिगळ

अहमदपूरच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर म्हातारा-म्हातारी बोलत होते.

"आवं, नांदेडला मांडून ठेवलेलं विमान तर बघून आलात. आता हाताकडं काय बघून राहिले?"

"पारू, ते माझंच विमान हाय. एकाहत्तरच्या लढाईत मी दुरुस्त करायचो ते."

"ते तर पडलं होतं ना, उडवणाऱ्या सोंधी साहेबासकट?"

"मी जखमी होऊन दवाखान्यात, तिथं तसंच सांगितलं मला. पन आज पंखाखाली हात घातला. ते शेवटचं उडालं त्या सकाळी मी मारलेलं ठिगळ हाय, रिव्हेटचा एक खिळा वाकडा."

"दुसऱ्या कुनी मारलं असंल."

"विमानापुढच्या पाटीवर समदं लिवलंय. त्या दिवशी ते दुसऱ्या तळावर उतरलं. पुढं सात वर्षं उडालं."

"आन् साहेब?"

"गेल्या महिन्यात पाटीचं उद्घाटन त्यांच्याच हातानं झालं."

"अगं माय! म्हंजे जित्या मानसाच्या फोटोपुढं दर डिसेंबरला मेणबत्ती लावून राहिलो आपुन? पन्नास वर्षं?"

"हाव."

"हारबी घातलाय की वो!"

"मंग आता त्या फोटोचं काय करावं, पारू?"

"नात घरी हाय, सृष्टीला फोन लावा. म्हनावं, हार काढ. फोटो राहू दे."