चढावरचा क्लच

हॅलो? …हो, मीच. या घरात फोन उचलायला दुसरं कोण असणार? …जेवले गो. पेज. तुझ्या बाबांनाही भरवली… अगो शीतल, ऐक ना आधी! परवा पाय हलला… डावाच! अंगावरून वारं गेल्यापासून लाकूड होऊन पडलेला, तोच! …काल लावला होता फोन. तू मीटिंगमध्ये होतीस.

…भास कसला? सांगते. शेजारचा सगुण… हो, तोच. बाबांसारखाच खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद झाल्यापासून त्याचा ट्रक दारात उभा. इंजिन जाम होऊ नये म्हणून परवा चालू केला, आणि नेला देवळाच्या चढावर. वारा यावा म्हणून खाटेजवळचं जनेल उघडं ठेवलं होतं. गिअर बदलल्याचा आवाज आला, आणि चादरीखाली बाबांनी पाय असा दाबला… क्लच गो, क्लच! परत आवाज, परत दाबला. मी वाटी हातात धरून उभीच.

…विचारलं की डिचोलीच्या डॉक्टरांना. म्हणाले, जे काम माणसाने जन्मभर केलं, त्याचा नुसता आवाज ऐकला तरी मेंदूतला हातपाय हलवणारा भाग जागा होतो. …चालतील असं नाही म्हणाले. पण विसरलेला नाही म्हणाले, मेंदू.

…माझा पाय कशाला हलेल? मी कधी ट्रक चालवला? पण पलीकडच्या घरातली सरस्वती नारळ खवायला बसली की माझे हात आपसूक पुढे-मागे होतात. बघते मग हातांकडे. कोणासाठी खवू आता?

…ते रेकॉर्डिंग? बाबांना करमावं म्हणून गेल्या आठवड्यात पाठवलेलं? ऐकवलं. पुण्याच्या हायवेचे ट्रक. ढिम्म! वर अर्ध्या तोंडाने म्हणतात कसे, "सपाट रस्ता हा. क्लच कशाला दाबू?" …हस, हस. मीपण हसले. एकटीच.

…हो, हो… ऐक. बाबांना न्यायला सांगितलेली रविवारची ॲम्ब्युलन्स रद्द कर. …आजारी माणसांना सांभाळणारी ती संस्था चांगली असेल गो. शांत असेल. तीच तर पंचाईत! तिथे चढावर ट्रक कोण नेणार?

…मी माझ्यासाठी अडवते म्हणतेस? …शीतल बाय, तिथे एकाच माणसाची जागा आहे, हे तूच सांगितलंस. इथे एकटीने राहायची भीती वाटते मला. वाटते, लपवू कशाला? पण त्यांचा पाय माझ्या भीतीने हललेला नाही.

…थांब, थांब! सगुण आला. परवापासून रोज संध्याकाळी एक फेरी मारतो बिचारा. फोन जनेलापाशी धरते… ऐकलंस? चढ लागला… आता! आता दाबला बघ! …हॅलो? …ट्रकच ऐकू येणार गो तुला. पायाचा कुठे आवाज असतो?

…व्हिडिओ नको, मला जमत नाही. तू ये. न्यायला नको, बघायला ये. …साहेबाला विचारू नकोस, सांग. …ठेवते आता. सगुण उतारावर पण गिअर बदलतो, मला पायाशी बसायचंय.